परवडणारी फ्रीज-ड्राइड फळं: बेळगावच्या हवेत कशी शोधावी, घ्यावी आणि टिकवावी

गेल्या पावसाळ्यात मी अर्धा किलो फ्रीज-ड्राइड स्ट्रॉबेरी मागवली. पार्सल आलं ते जुलैत, टिळकवाडीत तीन दिवस झड लागलेली असताना. पिशवी फोडली, पोरांना मूठमूठ दिली, उरलेली स्टीलच्या डब्यात ओतली आणि झाकण लावून कामाला लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा उघडला तर सगळा लगदा. आदल्या दिवशी कुर्रकन तुटणारे काप एकमेकांना चिकटून बसलेले, चमच्याने खरवडावे लागले. महिन्याच्या दुधाच्या बिलाएवढे पैसे गेले होते. दुकानदाराची चूक नव्हती, कुरियरवाल्याचीही नव्हती. बेळगावची हवा मी हिशेबात धरली नव्हती.

तेव्हापासून घ्यायचं कुठून, कसं आणि कधी, याचा बराच खटाटोप केला. शहापूर-वडगावच्या ओळखीच्या बायका, निपाणीची नणंद, खानापूरची मावशी सगळ्यांनी तोच प्रश्न विचारला: "एवढं महाग कसं गं, आणि स्वस्तात मिळतं का कुठं?" त्याचं हे सविस्तर उत्तर.

आधी माल ओळखायला शिका

रविवार पेठेत सुक्या मेव्याच्या एका दुकानात मी विचारलं, "मामा, फ्रीज-ड्राय फळं आहेत का?"

"आहेत की ताई. हे काय, किवी, अननस, स्ट्रॉबेरी. कुठलं देऊ?"

समोर काचेच्या बरण्यांत हिरवेगार, पिवळेधमक, लालभडक तुकडे. एक हातात घेतला. जड, चिकट, वर साखरेची कणी. हे पाकात मुरवून वाळवलेलं फळ. खायला वाईट नाही, पण फ्रीज-ड्राइड नव्हे. त्यात फळापेक्षा साखरच जास्त असू शकते. मामांनी फसवलं असं मला वाटत नाही. त्यांच्या लेखी ड्राय ते ड्राय.

बाजारात चार प्रकार एकाच नावाखाली फिरतात. पहिला हा पाकातला. दुसरा साधा वाळवलेला, म्हणजे गरम हवेत किंवा उन्हात सुकवलेला: चामट, रंगाने काळपट, अंजिरासारखा चावून खायचा. तिसरा फसवा, कारण तोही कुरकुरीत असतो: व्हॅक्यूम-फ्राय केलेले फणसाचे, केळीचे, भेंडीचे चिप्स. कमी दाबात, कमी तापमानाच्या तेलात तळल्यामुळे त्यांचा रंग छान राहतो आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'व्हॅक्यूम' लिहिलेलं असतं. घटकांच्या यादीत तेल दिसलं की समजायचं. चौथा प्रकार खरा फ्रीज-ड्राइड.

तो बनतो असा. फळाचे काप उणे ३०-४० अंशांपर्यंत गोठवतात. मग ते बंद पेटीत ठेवून पंपाने आतली हवा ओढून काढतात. दाब साध्या हवेच्या शंभराव्या हिश्शाच्याही बराच खाली गेला की बर्फाचं पाणी होत नाही, थेट वाफ होते. देवघरातला कापूर न वितळता उडून जातो, तसंच. शाळेच्या पुस्तकात त्याला संप्लवन म्हणत. पाणी निघून जातं, पण त्याची जागा पोकळ तशीच राहते, म्हणून काप आक्रसत नाही आणि हाताला थर्माकोलसारखा हलका लागतो. लहान बाळाला गोवराची लस देताना नर्स कुपीतल्या कोरड्या पावडरीत पाणी घालते ना, ती पावडरही याच पद्धतीने वाळवलेली असते. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांच्या शिध्यासाठी या पद्धतीवर काम केलं आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे 'मिलिटरीचं खाणं' हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहेच, त्यातलाच हा एक प्रकार समजा.

घरी आणल्यावर तपासायला दोन मिनिटं लागतात. एक तुकडा वाटीभर पाण्यात टाका. खरा असेल तर मिनिट-दोन मिनिटांत पाणी पिऊन मऊ होतो आणि फळाचा रंग-वास परत येतो. साधा वाळवलेला तासभर भिजवला तरी मधे कडक राहतो. दुसरा तुकडा जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून अंगठ्याने चुरडा. तेलाचा डाग पडला तर तो तळलेला. जिभेवर ठेवून पाहिला तर खरा तुकडा आधी जिभेला चिकटतो, मग विरघळत जातो.

पाकिटामागची घटकांची यादी वाचाच. 'स्ट्रॉबेरी' एवढा एकच शब्द असेल तर उत्तम. साखर, तेल, कृत्रिम रंग दिसला तर पैसे कशाचे देतोय ते समजून द्या. पावडरीत बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पूड, असतं. गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते घालतात, त्यात लबाडी नाही. पण ते निम्मं असेल तर निम्म्या फळाचेच पैसे द्यायला हवेत.

महाग का, याचा हिशेब पाण्यात आहे

स्ट्रॉबेरीत ९१ टक्के पाणी. एक किलो साफ केलेल्या स्ट्रॉबेरीतून जेमतेम ९०-९५ ग्रॅम माल हाती लागतो. म्हणजे एक किलो वाळलेल्या मालाला ११ किलोच्या आसपास ताजी फळं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी किलोला २०० रुपये धरली तरी नुसत्या फळाचेच २,२०० रुपये झाले. वर गोठवणं, एकेका घाण्याला २४ ते ४० तास चालणारा पंप, वीज, फॉइलचं पाकीट. म्हणून कोणी ८०० रुपये किलोने 'फ्रीज-ड्राइड स्ट्रॉबेरी' देतो म्हणाला तर भाव करत बसू नका, तो माल दुसराच काहीतरी आहे.

हाच हिशेब फळ निवडायलाही उपयोगी पडतो. केळ्यात पाणी ७५ टक्के. एक किलो सालासकट केळ्यांतून, साल काढल्यावर, १६० ग्रॅमच्या आसपास सुका माल मिळतो. चिकूतूनही साधारण तेवढाच. आंब्यात कोय आणि साल गेल्यावर किलोला १०० ग्रॅमच्या पुढे-मागे. अननसाचं मात्र उलट: तुरा, साल, मधला दांडा काढला की निम्मं फळ जातं, उरलेल्यात ८६ टक्के पाणी, हाती ७० ग्रॅम. सफरचंद मधल्या पट्टीतलं. म्हणून पोटाला केळं आणि चिकू, रंगाला स्ट्रॉबेरी, असं मी ठरवून टाकलंय. नुसती स्ट्रॉबेरीच घ्यायची हौस असेल त्याने खुशाल घ्यावी, पण मग भावाबद्दल कुरकुर करू नये.

दुकानात उभं असताना एकच आकडा काढायचा: एका ग्रॅमला किती रुपये? मोबाइलवर किंमत भागिले निव्वळ वजन. समजा २० ग्रॅमचं पाकीट १५० ला आहे, म्हणजे ग्रॅमला साडेसात रुपये. तेच फळ २०० ग्रॅमच्या पिशवीत ८०० ला असेल तर ग्रॅमला चार. पाकीट फुगवलेलं असतं, त्याच्या आकारावर जाऊ नका. लहान मुलाच्या उशीएवढं पाकीट आणि आत मूठभर माल, असा प्रकार मी स्वतः पाहिलाय. आत नायट्रोजन भरलेला असतो, तो माल चुरू नये म्हणून लागतोच. पण आपण पैसे ग्रॅमचे देतो.

कुठे शोधायचं

शहरात पहिल्यांदा पाहायची जागा सुपरमार्केटचा आरोग्य-खाऊचा कप्पा. इथे लहान पाकिटं मिळतात आणि ग्रॅमचा भाव सगळ्यात चढा असतो. तरी पहिल्यांदा चव पाहायला इथूनच एक पाकीट घ्या. पोरांना आवडलंच नाही तर नुकसान वीस ग्रॅमचं होईल.

दुसरी जागा कोणाच्या लक्षात येत नाही: केकचं सामान विकणारी दुकानं. बेळगावात घरगुती केक करणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे हा माल ठेवणारी दुकानंही आहेत. तिथे फ्रीज-ड्राइड स्ट्रॉबेरी, रासबेरी, ब्लूबेरीचा चुरा आणि पावडर मिळते. छोट्या बाटलीतला भाव डोळे पांढरे करणारा असतो, पण मोठं पॅक मागवून देतात का, हे विचारा. माझ्या ओळखीच्या केकवालीने तिच्या ऑर्डरीबरोबर माझी पिशवी मागवून दिली, आणि तिला मिळणाऱ्या भावातच दिली.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात फायद्याची: थेट बनवणाऱ्याकडून. महाराष्ट्र आणि गुजरातेत फळं-भाज्या फ्रीज-ड्राय करणारे कारखाने आहेत. काहींची स्वतःची ऑनलाइन दुकानं असतात, काही घाऊक मालाच्या पोर्टलवर सापडतात. पोर्टलवर भाव विचारला की दिवसभर फोन येत राहतात, त्याची तयारी ठेवा. त्यांना विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. कमीत कमी किती किलो द्याल? अख्खे काप, तुकडे, चुरा आणि पावडर यांचे वेगवेगळे भाव सांगा. शंभर-एक ग्रॅमचा नमुना पैसे घेऊन पाठवाल का? उत्पादनाची तारीख कुठली? परवाना क्रमांक काय? हा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचा, क्रमांक १४ आकडी असतो. त्या संस्थेच्या फॉसकॉस संकेतस्थळावर तो घालून पाहिला की परवाना कोणाच्या नावावर आणि कशासाठी आहे ते दिसतं. सुट्या मालाची स्वतः पाकिटं भरून विकणारे पुष्कळ आहेत. त्यांनी भरलं कधी आणि कारखान्यात बनलं कधी, या दोन तारखा वेगळ्या असतात.

यात 'चुरा' हा शब्द सोन्याचा. वाहतुकीत, चाळणीत काप मोडतात आणि तुकडे वेगळे पडतात. भेट देण्याच्या पाकिटाला ते चालत नाहीत, म्हणून स्वस्त जातात. दुधातल्या कॉर्नफ्लेक्सवर टाकायला मोडका काप आणि अख्खा काप यांत काय फरक? आमच्याकडे काजूच्या बाबतीत हे कोणाला शिकवावं लागत नाही. चंदगड-खानापूरकडचे लोक शिऱ्याला तुकडा काजूच घेतात, अख्खा पाहुण्यांसमोर ठेवायला.

चौथी वाट म्हणजे प्रवास. महाबळेश्वर-पाचगणीला जाणारे, चोर्ल्यावरून गोव्याला जाणारे, कोल्हापूर-पुण्याला राष्ट्रीय महामार्गावरून ये-जा करणारे आपल्यात कमी नाहीत. सांगून ठेवा. फक्त पर्यटनाच्या ठिकाणी वर सांगितल्याप्रमाणे तुकडा पारखूनच घ्या, तिथे पाकातली स्ट्रॉबेरी आणि खरी शेजारी शेजारी मांडलेली असते.

भाड्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, कारण माझा पहिला हिशेब तिथेच चुकला. कुरियरवाले वजनासोबत आकारही मोजतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. जो आकडा येईल तेवढे किलो धरतात. अर्धा किलो काप ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात आले तर ते तीन किलोचं पार्सल झालं. चुरा आणि पावडर कमी जागा खाते, तिथेही चुऱ्याचाच फायदा. पुणे-कोल्हापूरहून येणाऱ्या खाजगी बसमधून पार्सल मागवलं तर बऱ्याचदा स्वस्त पडतं. मात्र 'वर काही ठेवू नका' हे पाठवणाऱ्याला बजावून सांगा, नाहीतर अख्ख्या मालाचे पैसे मोजून चुरा हातात येतो.

कधी घ्यायचं आणि कोणाबरोबर

दिवाळी झाली की शिवरात्रीपर्यंत. बेळगावची हवा याच दिवसांत कोरडी असते. जून ते सप्टेंबर मोठी पिशवी फोडायचीच नाही, आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या लोकांनी तर ऑक्टोबरही धरू नये. पावसाळ्यात हौस आलीच तर २०-२५ ग्रॅमची बंद पाकिटं घ्या, एका बैठकीत संपवा. ग्रॅमला दोन रुपये जास्त गेले तरी लगद्यापेक्षा स्वस्त पडतं.

आम्ही पाच घरं मिळून घेतो. भिशीत ओळख झालेल्या बायका. एक किलो केळं, अर्धा किलो चिकू किंवा आंबा, पाव किलो स्ट्रॉबेरीचा चुरा, असा माल साधारण डिसेंबरात मागवतो. पैसे आधी गोळा करायचे, हा नियम. मागून 'देते की' म्हणणाऱ्याचे पैसे मागताना माल कमी आणि मन जास्त मऊ होतं.

वाटणी करायची ती स्वच्छ उन्हाच्या दिवशी, दुपारी दोन-तीनच्या सुमाराला. सकाळच्या धुक्यात नाही, दिवेलागणीला नाही. पंखा बंद, स्वयंपाकघरात कुकर-चहा काही चालू नको. वाफ म्हणजे या मालाचा वैरी. पाच पिशव्या, वजनकाटा, चमचे, चिठ्ठ्या सगळं मांडून तयार ठेवायचं आणि मगच मोठी पिशवी फोडायची. गप्पा नंतर. पहिल्या वर्षी आम्ही पिशवी उघडी ठेवून चहा घेतला. वरचा थर मऊ पडला, आणि तो कोणाच्या वाट्याला जावा यावर पुढचा अर्धा तास गेला.

बरणी, फॉइल आणि ती छोटी पुडी

स्टीलचा डबा यासाठी निरुपयोगी आहे. झाकण कितीही घट्ट वाटलं तरी हवा जाते. लाडू-चिवड्याला ते चालतं, याला नाही. दोन गोष्टी लागतात. रोजच्या वापराला रबरी वळीच्या झाकणाची काचेची लहान बरणी. साठवणीला फॉइलच्या झिप पिशव्या. पॅकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात त्या डझनावर मिळतात. झिपवर विसंबू नका. झिपच्या वर केस सरळ करायच्या गरम चिमट्याने पट्टी दाबली की पिशवी पक्की बंद होते. माझ्या मुलीने दाखवलेली युक्ती आहे ही, आणि चिमटा आता स्वयंपाकघरातच राहतो म्हणून तिची तक्रारही आहे.

प्रत्येक पिशवीत एका घराला आठवड्याला पुरेल एवढाच माल. आमच्या चौघांना ५०-६० ग्रॅम. आत ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलची पुडी. पांढरी किंवा नारिंगी, खाद्यपदार्थांसाठीची, असं सांगून मागा. निळ्या मण्यांची नको. त्या निळ्या रंगासाठी बहुतेक वेळा कोबाल्ट क्लोराइड वापरतात आणि ते विषारी आहे. बुटांच्या खोक्यातली पुडी उचलून टाकू नका, हे सांगायला नको, पण सांगते. सुटे मणी ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. भाजलेले तांदूळ कापडात बांधून टाकायची जुनी पद्धत मिठाच्या बरणीला ठीक आहे, इथे ते फारसे पुरत नाहीत.

फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजमधून काढलेली गार बरणी उघडली की आतल्या मालावर दव धरतं, आणि पंधरा दिवसांची मेहनत पंधरा मिनिटांत जाते. अंधाऱ्या, कोरड्या कपाटात, गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा. न फोडलेली फॉइलची पिशवी तशीच राहू द्या. पाकिटावर लिहिलेली मुदत ती फोडेपर्यंतच खरी.

बेदाणे आणि फ्रीज-ड्राइड फळं एका बरणीत कधी घालू नका. दिसायला मिश्रण छान दिसतं. पण बेदाण्यात १५ टक्क्यांच्या आसपास ओल असते, फ्रीज-ड्राइड तुकड्यात दोन-चार टक्के. आठ दिवसांत ती ओल इकडून तिकडे जाते: बेदाणे खडे होतात आणि स्ट्रॉबेरी चामट. खजूर, अंजीर, घरचे मऊ लाडू, सगळ्यांचं तेच. कॉर्नफ्लेक्स, भाजलेले शेंगदाणे, काजू मात्र चालतात.

कॉर्नफ्लेक्सच्या वाटीचा हिशेब

फळं घातलेली म्युसली घेण्याआधी खोका उलटा करून टक्केवारी बघा. पुढे स्ट्रॉबेरीचा ढीग आणि मागे बारीक अक्षरांत 'स्ट्रॉबेरी २ टक्के' असेल तर ४०० ग्रॅमच्या खोक्यात आठ ग्रॅम फळ आलं. साधे कॉर्नफ्लेक्स आणि हा खोका यांच्या किमतीतला फरक त्या आठ ग्रॅमला भागा. मी भागला तेव्हा मला घरी चुरा मागवायची बुद्धी झाली.

एका वाटीला पाच ग्रॅम पुरतात: साडेतीन ग्रॅम केळ्याचे तुकडे, दीड ग्रॅम स्ट्रॉबेरीचा चुरा. पाच ग्रॅम दिसायला मोठी मूठ भरते, पोरांना कमी वाटत नाही. केळं ग्रॅमला दोन रुपये आणि स्ट्रॉबेरी चार रुपये पडली तर वाटीमागे तेरा रुपये होतात. आधी फ्लेक्स, मग दूध, आणि फळ शेवटी, चमचा हातात घेतल्यावर. आधी घातलं तर दुधात भिजून लिबलिबीत होतं. काहींना तसंच आवडतं. माझ्या सासूबाई मुद्दाम पाच मिनिटं थांबतात, दात नकोत म्हणतात.

दुधात अननस आणि किवी नको. या फळांतली प्रथिनं तोडणारी द्रव्यं उष्णतेने मरतात, पण इथे उष्णता लागलेलीच नसते. दूध थोड्या वेळात कडू लागायला लागतं. अननस नुसताच तोंडात टाकायला ठेवा.

कॉर्नफ्लेक्सवाचून अडत नाही. ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याच्या लाह्या, नाचणीचे फ्लेक्स, अगदी साधे चुरमुरे कढईत कोरडे परतून त्यावर हा चुरा टाकला तरी नाश्ता होतो, आणि वाटीचा खर्च अजून उतरतो. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या उरतात त्यांना तर ही उत्तम जोड आहे, फक्त श्रावण असल्यामुळे मिसळून ठेवायचं नाही, ताटलीतच घालायचं. आणि श्रीखंड! चक्क्यात ताजी स्ट्रॉबेरी घातली की पाणी सुटतं. पावडर घातली तर चक्का उलट घट्ट होतो आणि रंग येतो तो वेगळाच.

खाताना एक भान ठेवा: पाणी गेलं, साखर गेली नाही. दहा ग्रॅम केळ्याचे काप म्हणजे जवळजवळ ४० ग्रॅम ताजं केळं. हलकं लागतं म्हणून मधुमेहाच्या माणसाने मूठ-मूठ खाऊ नये. चिकूचं तर अजून सांभाळून.

घरी करता येईल का?

नाही. व्हिडिओत कोणी घरच्या फ्रीजरमध्ये काप ठेवून तीन आठवड्यांनी 'फ्रीज-ड्राइड' दाखवत असेल तर तो वेळ आपला घालवतो. घरचा फ्रीजर उणे १८ अंशांवर चालतो आणि त्यात व्हॅक्यूम नसतो. बर्फ थोडा थोडा उडतो हे खरं, उघड्या ठेवलेल्या मटारावर सुरकुत्या पडतात त्या त्यामुळेच, पण कुरकुरीत फळ त्यातून होत नाही. अमेरिकेत घरगुती यंत्रं मिळतात, ती दोन हजार डॉलरच्या पुढे. आपल्या पाच घरांच्या मंडळाला हा खेळ परवडत नाही.

घरी करता येतं ते साधं वाळवण, आणि वाटीत ते अर्ध्या जागेवर चालतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात पिकलेली पण घट्ट जवारी केळी घ्या. चार-पाच मिलिमीटरचे काप करा, लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवून काढा, धुतलेल्या मलमलीवर एकेक सुटा मांडा, वरून दुसरी मलमल. तीन-चार दिवस ऊन, संध्याकाळी आत. चार वाजता पश्चिमेला ढग दाटले की गच्चीवर धाव घ्यायची. वळवाचा एक शिडकावा पडला तर सगळे काप काळे. विजेचा छोटा ड्रायर असेल तर ५५-६० अंशांवर आठ-दहा तास. हे काप चामटच होणार, कुरकुरीत नाही, म्हणून कात्रीने बारीक तुकडे करून घाला. खानापूरकडे फणसाचे गरे असेच वाळवता येतात. बरक्या फणसाची पोळी केली तर तिच्याही बारीक पट्ट्या छान लागतात.

माझी जुलैतली स्ट्रॉबेरी? ओव्हनमध्ये ६०-७० अंशांवर दोन तास ठेवून पाहिली. कडक झाली, पण रंग विटला आणि दाताला खडा लागावा तशी लागायला लागली. मोडलेली पोकळी परत उभी राहत नाही. शेवटी वाटीभर पाण्यात भिजवली, चार चमचे साखर आणि लिंबू पिळून कढईत आटवली. जॅम झाला. पोरांनी तो पंधरा दिवस चपातीला लावून संपवला.